ती शिडी मी चढलो नव्हतो

आपल्या नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या १९७७ सालच्या दिवाळी अंकात माझा एक लेख आला होता. अमेरिकेत मेसा व्हर्डे नावाच्या पठारावर पुएब्लो लोकांनी सात-आठशे वर्षांपूर्वी उभ्या कड्याच्या कपारीत घरं बांधली, त्यांचं ते वर्णन होतं. त्या वस्त्यांपैकी बाल्कनी हाऊस या वस्तीत जायला बत्तीस फुटी लाकडी शिडी आहे. ती मी कसा चढलो, पाठीमागे दरी कशी उघडी पडली होती, तळहातांना कसा घाम आला होता, हे मी रंगवून लिहिलं होतं. मध्येच एक वाक्य होतं : ‘सौ.ला उंचावर चक्कर येते, त्यामुळे ती लेकीला घेऊन खाली सावलीत बसली.’

यातला तळहातांचा घाम तेवढा खरा होता.

शिडी चढली ती माझी बायको मालती. आम्ही तेव्हा तिच्या भावाकडे डेन्व्हरला गेलो होतो, तिथून गाडीने मेसा व्हर्डेला. शिडी दिसताच कोणी काही विचारायच्या आत मी म्हणालो, “पोरीला कोणीतरी धरायला हवं.” अनुजा तेव्हा दोन वर्षांची होती. मालती कॅमेरा गळ्यात अडकवून वर गेली आणि तासाभराने, कपड्यांना लाल धूळ लावून, दुसऱ्या बाजूने आली. परतीच्या वाटेवर ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. मग मंडळाने लेख मागितला. त्या काळी प्रवासवर्णनं नवऱ्यांनी लिहायची अशीच पद्धत होती. लिहिताना ‘ती’च्या जागी ‘मी’ आला. मी वर होतो म्हटल्यावर ती कुठे होती, हे सांगणं भाग पडलं.

मराठी टाइपरायटर आपल्याकडे नव्हता. अंक हाताने लिहून सायक्लोस्टाइल व्हायचा आणि अक्षर सुरेख म्हणून स्टेन्सिल कापायचं काम मालतीकडे असे. त्या वाक्यापाशी तिची लेखणी थांबली.

“हे असंच ठेवायचं?”

“बदललं तर लेखाचा ओघ जाईल,” मी म्हणालो.

तिने ते वाक्य स्वतःच्या अक्षरात कापलं आणि पुढच्या ओळीवर गेली.

लेख लोकांना आवडला. मी स्लाऊच्या आणि क्रॉयडनच्या मराठी मंडळींपुढे स्लाइड दाखवून भाषणंही दिली. एकाही स्लाइडमध्ये मी नव्हतो. ‘फोटो मीच काढत होतो ना,’ असं सांगून मी हशा मिळवायचो. मालतीला मात्र बायका जिन्यावर हात द्यायला लागल्या. ‘वहिनी, सांभाळून हं,’ असं म्हणत सरकत्या जिन्याशी तिच्यासाठी माणसं थांबायची. मंडळाची वेल्समध्ये स्नोडनला सहल गेली तेव्हा सगळ्यांनी एकमताने तिला पायथ्याच्या चहाच्या दुकानात बसवलं आणि तिच्यापाशी पिशव्या ठेवल्या. मी अकरा वर्षांच्या अनुजाला घेऊन वर गेलो. ती वाट रुंद आहे, तिथे मला काही होत नाही.

गेल्या वर्षी मालतीचा उजवा गुडघा बदलला. फिजिओच्या शेवटच्या भेटीनंतर घरी येताना बसमध्येच ती म्हणाली, “मला ती शिडी परत चढायचीय. तुम्ही यायचं तर या.” तिचं वय आता एकोणसत्तर, माझं चौऱ्याहत्तर. या सप्टेंबरात, म्हणजे २००७ मध्ये, आम्ही दोघं आणि अनुजा असे तिघं जाऊन आलो. ज्यांनी ती जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि ज्यांनी माझा जुना लेख वाचला त्यांच्यासाठी जास्त.

कोर्टेझ, सोमवार

पठाराच्या पायथ्याशी कोर्टेझ नावाचं गाव आहे. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना मोटेलं, आणि आकाश इतकं मोठं की नॉटिंगहॅमहून गेलेल्या माणसाला छत्री उगीच आणली असं वाटावं. हवा कोरडी. पहिल्या दिवशी जिना चढला तरी दम लागतो, कारण गावच सहा हजार फुटांवर आहे.

जेवायला आम्ही रस्त्यावरच्या एका साध्या खानावळीत गेलो. तिथे भटुऱ्यासारखी तळलेली जाड रोटी, तिच्यावर शिजवलेले राजमे, चिरलेलं सॅलड, चीज आणि हिरव्या मिरचीचा रस्सा असा एक पदार्थ मिळतो. एक मागवून तिघांत वाटून घ्यावा. आम्ही तीन मागवले. मालतीने रस्सा चाखून मान डोलावली. इंग्लंडबाहेर आल्यावर तिखट खरोखर तिखट लागतं, हे आपण विसरतो.

अनुजा क्रॉयडनला नोकरी करते आणि तिला सगळं आधी ठरवून लागतं. तिने नकाशा टेबलावर पसरला.

“सो, बुधवारी बाल्कनी हाऊस. मी आणि बाबा वर जाऊ. आई, तू कार पार्कमधे बस, तिकडे बेंच आहे, मी चेक केलं. शेड पण आहे. ओके?”

मालतीने रोटीचा तुकडा मोडला. “शिडी चढायला तर मी आलेय.”

“आई, डोन्ट बी सिली. तुझा गुडघा नवीन आहे आणि तुला हाइट्सचा प्रॉब्लेम आहे. बाबा, तुम्ही सांगा ना तिला.”

सांगायची जागा हीच होती. मी रश्शाची वाटी पुढे ओढली आणि म्हणालो, “बघू बुधवारी.”

मालती माझ्याकडे न बघता म्हणाली, “हो, बघू. यांचं बघून झालं की मी चढेन.”

स्प्रूस ट्री हाऊस, मंगळवार

कोर्टेझहून गाडी वळणं घेत पठारावर चढते. काही वर्षांपूर्वी इथे वणवे लागले होते. मैलोगणती काळी, वाळलेली झाडं उभी आहेत आणि त्यांच्या बुंध्याशी पिवळी रानफुलं. मग एकाएकी जमीन संपते आणि दरी सुरू होते. दरीच्या पलीकडच्या कड्यात, वरून कपाळासारख्या पुढे आलेल्या खडकाखाली, गाव असतं. पहिल्यांदा ते दिसतच नाही. दगड त्याच रंगाचा आहे. आधी एक चौकोनी काळा ठिपका दिसतो, ती खिडकी. मग दुसरी. मग मनोरा, ओसरी, भिंती, आणि पाहता पाहता शंभरेक खोल्या.

आपल्या नॉटिंगहॅमच्या पोटातही वालुकाश्मात गुहा आहेत, पण त्या कोरून काढलेल्या. इथे कपार निसर्गाची आणि घरं माणसांनी बांधलेली. विटेएवढे घडवलेले दगड, मध्ये चिखल, आणि चिखलात घट्टपणासाठी खोचलेल्या बारीक चिपा. स्प्रूस ट्री हाऊसला जायला सोपी, उताराची वाट आहे, म्हणून पहिला दिवस आम्ही तिथे घालवला.

एका ओट्यावर झिजून खोलगट झालेला दगड आणि त्यावर लांबट गोटा ठेवला होता. मालती तिथे उकिडवी बसायला गेली आणि गुडघ्याची आठवण होऊन वाकूनच उभी राहिली.

“पाटा-वरवंटा,” ती म्हणाली. “मका दळत असणार. बघा, उजव्या बाजूला जास्त झिजलाय. बाई उजव्या हाताची होती.”

तिथे माहिती सांगायला लोरेन नावाची रेंजर होती, पन्नाशीची, रुंद चेहऱ्याची, डोक्यावर सपाट टोपी. तिने मालतीचं बोलणं अनुजाकडून इंग्रजीत ऐकून घेतलं आणि हसली. “माझी आजी अशीच दळायची. तुमच्याकडचं नाव काय म्हणालात?” मालतीने सांगितलं. लोरेनने तीनदा म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते वेगळं आलं.

मी विचारलं, “हे लोक एकाएकी नाहीसे कसे झाले?” जुन्या लेखात मी त्यांना ‘गूढरीत्या लुप्त झालेली जमात’ म्हटलं होतं.

“नाहीसे?” लोरेन म्हणाली. “मी सकाळी सात वाजता कामावर आले, सर. आमची माणसं दक्षिणेला गेली. पाऊस पडेना, माणसं जास्त झाली, गेली. माझं गाव न्यू मेक्सिकोत आहे. तुम्ही मूळचे भारतातले ना? राहता इंग्लंडमध्ये. तुम्ही नाहीसे झालात का?”

ही दुसरी दुरुस्ती. पुएब्लो लोक लुप्त झालेले नाहीत. त्यांची गावं आजही वसलेली आहेत.

अंगणात एक जमिनीखालची गोल खोली आहे. तिला किवा म्हणतात. तिथे विधी व्हायचे, आणि थंडीत माणसंही शेकोटीभोवती बसत असावीत. छतातल्या भोकातून आठ-नऊ फुटांची शिडी खाली जाते. अनुजा भरभर उतरली आणि खालून हाक मारू लागली, “बाबा, या ना, इट्स लवली!” मी भोकाशी गेलो, आत पाहिलं आणि म्हणालो, “माझा गुडघा दुखतोय.”

“गुडघा माझा बदलला,” मालती म्हणाली, “आणि दुखतोय यांचा.” ती पाठमोरी होऊन शांतपणे आत उतरली. खालून अनुजाचा आवाज आला, “आई? हाऊ डिड यू डू दॅट?”

बाल्कनी हाऊस, बुधवार

सकाळी दहाच्या फेरीची आमची तिकिटं होती. वीसेक माणसं कड्याच्या काठावर जमली. नेणारी रेंजर लोरेनच होती. तिने सूचना दिल्या : आधी पायऱ्यांनी खाली उतरायचं, मग बत्तीस फुटी शिडीने वर. आत वस्ती. बाहेर पडताना बारा फूट लांबीच्या अरुंद भुयारातून रांगत जायचं, आणि मग उघड्या कड्यावरून साखळी धरून पुन्हा चढायचं. उंचीची भीती वाटते त्यांनी आत्ताच सांगावं.

अनुजाने हात वर केला. “माय मम्स गॉट व्हर्टिगो. तिला कुठे बसता येईल?”

लोरेन लगेच मालतीजवळ आली. तिच्या कोपराला हात लावून, अगदी हलक्या आवाजात, “काही हरकत नाही, मॅडम, बरेच लोक थांबतात,” असं काहीसं म्हणाली. वीस माणसांनी मायेने मालतीकडे पाहिलं. एका बाईने तिला आपली पाण्याची बाटलीसुद्धा देऊ केली.

मालतीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने तोंडावर ते ओळखीचं, संकोचाचं हसू आणलं, जे मी तीस वर्षं जिन्यांवर, पुलांवर, स्नोडनच्या पायथ्याशी पाहत आलो होतो. ती ‘मी ठीक आहे’ असं काही म्हणणार, आणि कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला दिसत होतं.

“तिला चक्कर येत नाही,” मी इंग्रजीत म्हणालो. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “मला येते.”

अनुजा मराठीवर आली. “काय बोलताय, बाबा? तुम्ही वर गेला होता ना, सेव्हंटी-सेव्हनला.”

“मी खाली होतो. तुला मांडीवर घेऊन. वर आई गेली होती.”

“पण तुमचा आर्टिकल? स्लाइड्स?”

“फोटो आईने काढले. पाहिलं तिने. मी फक्त लिहिलं.”

“आणि आईला व्हर्टिगो...”

“कधीच नव्हता. तो मी तिला दिला.”

अनुजा आईकडे बघत राहिली. बाकीचे लोक, एक अक्षर कळत नसताना, आळीपाळीने आम्हा तिघांकडे बघत होते. मालतीने पर्सचा पट्टा डोक्यावरून घालून आडवा केला.

“अहो, सगळे खोळंबलेत,” ती म्हणाली. “पुढचं नंतर सांगा.”

शिडीच्या पायाशी मी सगळ्यांबरोबर गेलो. शिडी दोन माणसं शेजारी-शेजारी चढतील एवढी रुंद आहे, पायंडे जाडजूड ओंडक्यांचे. चढायला ती सोपी असावी. मी पहिल्या पायंड्यावर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. तिसऱ्यावर माझे हात ओंडक्याला असे चिकटले की वरही जाईनात, खालीही येईनात. लोरेनने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. “इथून रोज कोणीतरी परत जातं, सर. आज तुम्ही.” तिने एकेक पाय हाताने धरून मला खाली घेतलं.

मग मालती चढली. आधी डावा पाय, मग त्याच पायंड्यावर उजवा, फिजिओने शिकवलं तसं. मध्ये एकदा थांबली. खालून वाटलं, दमली. पण ती मान वळवून दरी बघत होती. अनुजा तिच्या मागे, दोन्ही हात आईच्या टाचांपाशी. शेवटी पांढरे बूट खडकाच्या काठावरून आत गेले.

मी पायऱ्या चढून परत आलो आणि गाडीतळावरच्या बाकावर बसलो. भूक लागली होती म्हणून माझ्या वाटचं सँडविच खाल्लं, मग मालतीच्या वाटचं अर्धं. ज्याला भ्यायचं ते होऊन गेलं होतं आणि ऊन तसंच होतं. मी बसल्या बसल्या झोपलो. अनुजाने हलवून उठवलं तेव्हा दोघी समोर उभ्या होत्या, कोपरांना आणि गुडघ्यांना लाल धूळ. अनुजा माझ्याशी बोलली नाही.

खडकचित्रांची पायवाट, गुरुवार

पठारावरून सुटून कड्याच्या अंगाने जाणारी अडीच मैलांची पायवाट आहे. ती खडकावर कोरलेल्या चित्रांपर्यंत जाते. कुठे दोन शिळांमधून आडवं होऊन सरकावं लागतं, कुठे दगडात खोदलेल्या पायऱ्या. पिन्यॉन नावाचं ठेंगणं पाइनचं झाड वाटभर सोबत करतं. त्याच्या बिया चारोळीसारख्या लागतात. दरीच्या बाजूला मालती चालली आणि भिंतीच्या बाजूला मी, तिचा हात धरून. असा हात मी उघडपणे पहिल्यांदाच धरला होता. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याला वाटलं मीच तिला सांभाळतोय, आणि ते कौतुकाने हसले. “उलटं आहे,” मी त्यांना सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण मला सांगावंसं वाटलं.

चित्रांपाशी आम्ही टेकलो. खडकावर हाताचे पंजे, मेंढ्या, आणि गोल गोल फिरत आत जाणारी रेघ. अनुजा बराच वेळ चित्रं पाहत होती. मग पाठमोरीच बोलली.

“स्नोडनला मी आईला ‘स्केअर्डी कॅट’ म्हटलं. सगळ्या मुलांसमोर. मला एम्बॅरसिंग वाटायचं, बाकीच्यांच्या आया वर आल्या होत्या. तुम्ही तिकडेच उभे होता, बाबा. तुम्ही हसला.”

हे मी विसरलो होतो. तिने सांगितल्यावर आठवलं. हसलो होतो.

“हो,” मी म्हणालो. “ते सगळ्यात वाईट केलं मी.”

“आई, तू का नाही सांगितलं?”

मालतीने बुटातला खडा काढला. “पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर हे खोटे पडले असते. दहा वर्षांनी सांगितलं असतं तर मीच वेडी ठरले असते. मग गुडघा गेला. मग खरंच खाली बसायची वेळ आली, सांगायचं काय?”

“तुला राग नाही आला?”

“आला की. स्नोडनच्या त्या दुकानात मी एकटीने चार स्कोन खाल्ले.”

अनुजा हसली आणि हसता हसता रडली. मालतीने तिला जवळ घेतलं नाही, पाण्याची बाटली दिली. थोड्या वेळाने अनुजा माझ्याकडे वळली.

“बाबा, हे लिहा. मंडळाच्या मॅगझिनमधे. सेम जागा.”

“लिहितो.”

“लिहितील,” मालती म्हणाली, “आणि किती खरं बोललो म्हणून त्यात स्वतःचंच कौतुक करतील.”

पुढे वाट संपताना काठावर चढायला उंच दगडी पायऱ्या आहेत. मालती वरून हात देत होती, अनुजा खालून ढकलत होती. मी डोळे मिटून चढलो. हे शौर्य नव्हे. दुसरी वाट नव्हती.

नॉटिंगहॅम

इथवर लिहून मी मालतीला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. ‘संकोचाचं हसू’ला आक्षेप घेतला, तिच्या मते ते वैतागाचं होतं. मग म्हणाली, “आणि वरचं? बाल्कनी हाऊस नाव घेतलंत आणि आतलं एक अक्षर नाही. लोक काय वाचणार, तुमचं सँडविच?”

“मी वर गेलो नाही. कसं लिहू?”

“मग मला विचारा.”

तिने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली. ती सांगत गेली तसं मी उतरवून घेतलं. यापुढचा एकही शब्द माझा नाही.

“शिडी संपते तिथे गुडघ्यावर टेकून आत जावं लागतं. आत सपाट अंगण, आणि काठाला कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे एकदम दरी. तिथे पोरंबाळं खेळत असणार म्हणून भिंत. खोल्या लहान, दारं त्याहून लहान. वरच्या मजल्याच्या तुळया भिंतीतून बाहेर आल्यात, त्यांच्यावर सज्जा, त्यावरून नाव पडलं. छत धुराने काळं आहे, अजून. एका भिंतीत चिखल लिंपताना उमटलेली बोटं दिसतात. लहान बोटं, बाईची असावीत. मागे, कड्याच्या पोटात, पाणी पाझरतं. मागच्या वेळी मी यांना त्या झऱ्याचं सांगितलं होतं. यांनी लेखातून तो गाळला आणि घारी घातल्या. घारी नव्हत्या. मागच्या वेळी मी पाण्यात बोट बुडवलं होतं, आता हात लावू देत नाहीत. भुयारात अनुजा माझ्या पुढे होती, सारखी मागे वळून विचारायची, ‘आई, आर यू ओके?’ मी म्हटलं, तू सरक पुढे. मागच्या वेळी मी वर होते तेव्हा कान सगळा खाली होता. पोर रडत असेल, हे घाबरले असतील, लवकर उतरायला हवं. धावत पाहिलं सगळं. या वेळी भिंतीवरून खाली वाकून पाहिलं तर हे निघून गेले होते. मग मी नीट पाहिलं.”